टाकीचे घाव

माणसं पिशवीत दगड घालून माझ्याकडे येतात. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यातली बरीच वर्षं आकाशनिरीक्षणाच्या नादात गेली. त्यामुळे "बाईंना दाखवून बघ" असं कुणीतरी कुणाला तरी सांगतं आणि दारावरची बेल वाजते. मागच्या फेब्रुवारीत जेजुरीकडच्या एका गावातून एक तरुण आला. त्याची मोठी बहीण माझ्या वर्गात होती. टॉवेलात गुंडाळून आणलेला नारळाएवढा दगड त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, नांगरताना लागला. वरून पडलेला आहे का, तेवढं सांगा."

दगड काळाकुट्ट होता, जडही होता. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं की ते दगडाकडे झुकत होतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात त्या तिन्ही खुणा जुळत होत्या. त्याला विचारून मी कानशीने एक कोपरा घासला. उल्कापाषाण असता तर वरचा काळेपणा अंड्याच्या कवचाइतकाच निघाला असता. आत राखाडी दगड, त्यात चमचमणारे लोखंड-निकेलचे कण आणि नशीब असेल तर राजगिऱ्याएवढे गोल दाणे दिसले असते. याच्या आतही काळंच होतं आणि मधेमधे झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे ठिपके होते. हा आपला कातळ. आपल्या कातळातही मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, म्हणून लोहचुंबक झुकतं. त्याला हे सगळं सांगितलं, चहा दिला. जाताना दगड त्याने पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळून नेला. मला ते आवडलं.

माझ्याकडे या दगडांची एक वही आहे. एकशे चौदा नोंदी आहेत आणि एकीपुढेही 'हो' लिहिलेलं नाही. वीटभट्टीतले खंगर आहेत, लोहाराच्या भट्टीतली मळी आहे, फरशीच्या मागच्या बाजूवर घासला की तांबडी रेघ उमटवणारा हेमॅटाइट आहे. आणि कातळ तर कितीतरी. एकाने आणलेला तुकडा अर्धगोल होता, त्यावर बारीक खळगेच खळगे. उल्कापाषाण हवेतून येताना त्याचा पृष्ठभाग वितळून झडतो आणि कणकेच्या गोळ्यात बोटं दाबावीत तसे खळगे उमटतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. पण त्याच्या हातात फुटक्या जात्याची तळी होती. खळगे होते ते टाकीचे घाव.

ज्यांना हे शब्द ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जातं, पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर वाटण नीट वाटलं जात नाही. तेव्हा टाकी लावणाऱ्या बायका दारावरून हाका मारत जायच्या. छिन्नी-हातोडीने पाट्यावर ठिकठिक करत अख्खा पाटा खडबडीत करून द्यायच्या. माझ्या लहानपणी तो आवाज दुपारचा असायचा. बारीक कपच्या उडायच्या आणि आई आम्हाला लांब बसवायची, डोळ्यात जाईल म्हणून.

*

उल्कापाषाण शोधायला आपला मुलूख फार अवघड. अंटार्क्टिकाच्या निळसर-पांढऱ्या बर्फावर काळा दगड लांबून दिसतो, तिथून हजारो नमुने गोळा झाले आहेत. सहारात आणि ओमानच्या वाळवंटात फिक्या जमिनीवर नजर ठरते, शिवाय पाऊस नसल्याने दगड टिकतो. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर आहेत. गड त्याचेच, लेणी त्याचीच, उंबरठाही त्याचाच. काळ्या जमिनीवर काळा, जड, चुंबकाला ओढणारा दगड शोधायचा, आणि तोही चार पावसाळ्यांत गंजून तांबडा पडायच्या आत.

पडतात मात्र इथेही. खानदेशात माणेगावला १८४३ साली पडलेला दगड दुर्मीळ जातीचा म्हणून जगभरच्या याद्यांत आहे. आणि आमच्या पिढीला मिळालेला प्रसाद म्हणजे काटोल. २२ मे २०१२, भर दुपार. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि दगड पडले. नागपूरला माझे दीर राहतात, त्यांचा फोन आला आणि आठवड्याच्या आत आम्ही चौघं हौशी माणसं तिथे पोचलो. ते ऊन मी विसरणार नाही. संत्र्यांच्या बागा, नांगरून ठेवलेली काळी रानं, ढेकळं तापलेली. आम्ही एका ओळीत, दोन हातांचं अंतर ठेवून, खाली बघत तीन दिवस चाललो. मिळालं काहीच नाही.

पण तिसऱ्या दिवशी एका घरात पाणी प्यायला थांबलो. त्या घरच्या आजींनी कोनाड्यातून स्टीलच्या डब्यात ठेवलेला तुकडा काढला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक येणार होते, त्यांना द्यायचा होता. लिंबाएवढाच. एका बाजूला काळी साय, फुटलेल्या बाजूला राखाडी अंग आणि त्यात ऊन लागून चमकणारे कण. मी तो तळहातावर घेतला. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचा दगड, आठवड्यापूर्वी या घरी आलेला. आजी म्हणाल्या, "गरम नव्हता बरं, पोरानं उचलला तेव्हा." बरोबरच होतं. पेटतो तो वरचा थर, तोही काही सेकंद, आणि तेवढ्यात झडूनही जातो. आतलं अंग अवकाशातलं थंडच राहतं. हे मी पुस्तकात वाचलेलं आजींनी अनुभवावरून सांगितलं.

काटोलच्या त्या दगडांचं पुढे मोठं नाव झालं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्याच्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट सापडलं. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त आहे, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली, आपला हात कधी पोचणार नाही तिथे. अवकाशात दोन दगड एकमेकांवर आदळले, त्या धक्क्याने क्षणभर तेवढाच दाब तयार झाला आणि ते दगडातच थिजून राहिलं. बातमी वाचली तेव्हा मला त्या आजींचा स्टीलचा डबा आठवला.

*

अशा बातम्यांनी माणसं आकाशाकडे बघू लागतात, त्याचा मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच २ एप्रिल २०२२ ची रात्र जड गेली. गुढीपाडवा होता. विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात आकाशातून जळणाऱ्या तुकड्यांची रांग जाताना हजारो लोकांनी पाहिली आणि माझा फोन थांबेना. "उल्कावर्षाव बघितला का?" व्हिडिओ पाहिला आणि पोटात कालवलं. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. हे तुकडे शांतपणे, जवळजवळ आडवे, एकामागून एक चालले होते. इतक्या संथपणे येणारी वस्तू आपणच वर पाठवलेली असते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. एका चिनी अग्निबाणाचा टप्पा परत वातावरणात शिरला होता. माझ्या भाच्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने फोनवर विचारलं, "म्हणजे ते खोटं होतं?" खोटं नव्हतं. तिने जे पाहिलं ते खरंच जळत आलं होतं. पण तिला ते नीट समजावून सांगायला मला दोन दिवस लागले.

*

दगड असा हुलकावणी देतो. चंद्र देत नाही. म्हणून हातात दगडाची वही आली त्याच्या खूप आधी गच्चीवर दुर्बीण आली. सहा इंची आरसा मी स्वतः घासून तयार केला. पुण्यात तशा कार्यशाळा होतात, आणि १९४४ पासून चालत आलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे या शहराला आकाशवेड्यांची परंपराही आहे. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, की पुढे-मागे, पुढे-मागे. आधी जाडी भुकटी, मग बारीक, मग आणखी बारीक. तो घरघराट ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "दळण काढलं का वं?"

सासूबाई मूळच्या मेहकरच्या. पन्नास वर्षं पुण्यात काढली, तरी बोलीतला वऱ्हाडी ठसका गेला नाही. दुर्बीण तयार झाली ती ऐन भाद्रपदात. पहिल्याच संध्याकाळी, गणेश चतुर्थीला, मी ती पश्चिमेकडे लावली. चार दिवसांची कोर दुर्बिणीत फार देखणी दिसते. क्रिसियमचा डोह, म्हणजे चंद्राच्या कडेजवळचा गोल काळा डाग, पूर्ण उजेडात आलेला असतो आणि पेटाव्हियस विवराच्या तळाला मधल्या डोंगरापासून काठापर्यंत गेलेली सरळ चीर स्पष्ट दिसते. मी हाक मारली. सासूबाई गच्चीच्या दारापर्यंत आल्या आणि पदर डोळ्यांवर ओढून उलट्या फिरल्या. आजचा चंद्र बघायचा नसतो. मी आग्रह केला नाही. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. वर्षातली ही एक रात्र त्यांनी चंद्राला दिली होती.

चौथ्या दिवशी गौरीपूजन. पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णी जेवून गेल्या, भांडी झाली आणि सासूबाई आपणहून वर आल्या. पावसाने उघडीप दिली होती. अष्टमीचा अर्धा चंद्र ढगांमधून धुऊन निघाल्यासारखा. अर्धा चंद्र बघण्यासारखी दुसरी वेळ नाही. पौर्णिमेला सूर्य समोरून पडतो, सावल्या मरतात, सगळं सपाट होतं. कोजागरीला दूध आटवावं, दुर्बीण आत ठेवावी. अष्टमीला मात्र उजेड आणि अंधार यांची सीमा बरोबर मधून जाते. टॉलेमियस, अल्फोन्सस, अर्झाकेल ही तीन विवरं त्या सीमेवर एकाखाली एक उभी असतात. त्यांच्या खाली दक्षिणेचा सगळा उंच प्रदेश कडेपासून कडेपर्यंत खळग्यांनी भरलेला, खळग्यात खळगे, काठावर खळगे, बोट ठेवायला मोकळी जागा नाही.

सासूबाईंनी एक डोळा मिटून दुसरा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दिसत नसेल, फोकस हललाय. मग म्हणाल्या,

"ह्याले तं टाकी लावेल हाये."

मी आजवर चंद्राची वर्णनं पुष्कळ वाचली आहेत. इतकं अचूक एकही नाही. त्या खळग्यांना वर्गात मी विवरं म्हणायचे आणि फळ्यावर बशीसारखी आकृती काढायचे. पण हे घावच आहेत, एकेक मारलेले, एकावर एक. मारणारे दगड बाहेरून आलेले, आणि वारा-पाणी नसल्याने पुसायला कुणी नाही. पाटा वापरला जातो म्हणून झिजतो. चंद्र कुणी वापरत नाही, त्यामुळे चारशे कोटी वर्षांपूर्वीची टाकी अजून तशीच.

मग त्यांनी काळ्या डागांबद्दल विचारलं. मी म्हटलं, "आई, तो आपलाच दगड. काळा कातळ." ते खरंच आहे. लहानपणी ज्यात ससा दाखवतात ते चंद्रावरचे डाग म्हणजे बेसॉल्टची मैदानं. आपल्या दख्खनसारखाच तिथे लाव्हा पसरला आणि थिजला, फक्त त्यातला बराचसा तीनशे कोटी वर्षांहून जुना. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या लोकांनी शांतिसागरातून साडेएकवीस किलो माती-दगड आणले, त्यातले कितीतरी खडे बेसॉल्टचे होते. सासूबाईंनी पुन्हा डोळा लावला. "मंग पाटा होईन का त्याचा?" मी विचारात पडले. होईल, असं मला वाटतं. अजूनही वाटतं.

*

त्या रात्रीनंतर माझे दोन्ही छंद एक झाले. टाकी लावताना कपच्या उडतात. चंद्रावर एखादा मोठा घाव बसला की काही कपच्या इतक्या वेगाने उडतात की परत खाली पडतच नाहीत, आणि त्यातल्या काही फिरत फिरत आपल्याकडे येतात. १९८२ च्या जानेवारीत अंटार्क्टिकात ३१ ग्रॅमचा एक खडा मिळाला. अपोलोने आणलेल्या दगडांशी ताडून पाहिला आणि तो चंद्राचा निघाला. ती ओळखू आलेली पहिली कपची. मंगळावरची तर त्याच्या खूप आधी आपल्या देशात आली होती. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीला पाचेक किलोचा दगड पडला. तो मंगळाचा, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली. त्या दगडात एक काचेसारखं खनिज होतं, जबरदस्त घाव बसल्यावरच तयार होणारं. त्याला मॅस्केलिनाइट नाव दिलं गेलं.

हेच मॅस्केलिनाइट सासूबाईंच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर आहे, लोणारला.

लोणारला त्या लहानपणी जत्रेला जायच्या. दैत्यसूदनाच्या देवळात विष्णूने लोणासुराला मारल्याची गोष्ट ऐकायच्या. राक्षस जमिनीत गाडला गेला आणि तिथे खड्डा पडला. इंग्रज अधिकारी अलेक्झांडरने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली आणि पुढची दीडशे वर्षं हा ज्वालामुखी की आघात, यावर वाद चालला. १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी मिळून पुरावा मांडला, त्यात हे खनिज मोलाचं ठरलं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा घाव कधी बसला, याचे अंदाज ५० हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत जातात. पण तो कातळात बसला आहे, हे महत्त्वाचं. बेसॉल्टवर बसलेला, इतका चांगला टिकलेला आघात पृथ्वीवर शोधून सापडत नाही, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. आणि ज्याने घाव घातला तो दगड? त्याचा तुकडाही मिळत नाही. त्या उष्णतेत तो वाफ होऊन गेला.

सासूबाईंना घेऊन आम्ही दहा वर्षांपूर्वी तिथे गेलो. काठावर उभं राहून खालचं हिरवट खारं पाणी, उतारावरची झाडी, मोर ओरडतायत. मी त्यांना सांगितलं की चंद्रावर दिसलेल्या खळग्यांतला हा अगदी बारकासा. त्या दुर्बिणीतून इतका लहान दिसलाही नसता. त्या म्हणाल्या, "आम्ही येथी भाकर खायचो." खाली उतरायला गुडघे परवानगी देत नव्हते. तिथून खडा उचलायचा नाही, हे मी आमच्या बरोबरच्या मुलांना बजावलं. कितीही मोह झाला तरी तिथला दगड तिथेच राहायला हवा. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

*

अलीकडे शोध गच्चीवर आला आहे. नॉर्वेतले यॉन लार्सन हे जाझ गिटारवादक. छपरांच्या धुळीतून अवकाशातली धूळ शोधता येते, हे त्यांनी हट्टाने करून दाखवलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू गेंज यांच्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये पॅरिस, ओस्लो, बर्लिनच्या छपरांवरच्या पाचशे कणांचा अभ्यास मांडला. तज्ज्ञांनी शहरात हे होणं अशक्य म्हणून सोडून दिलं होतं. हे कण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. दर वर्षी सुमारे ५,२०० टन अशी धूळ जमिनीपर्यंत पोचते, म्हणजे तुमच्याही गच्चीवर आहे.

भाच्याची मुलगी आता मोठी झाली आहे. ती आणि मी पहिल्या पावसानंतर गच्चीच्या पन्हळीतला गाळ बादलीत काढतो. भांड्यांचा साबण घालून धुवायचा, वरचं गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचं. वाळला की प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं ताकदीचं लोहचुंबक त्यावरून फिरवायचं. चिकटेल ते सूक्ष्मदर्शकाखाली. पहिल्या वर्षी इतके चकचकीत काळे गोळे मिळाले की आम्ही नाचलो. मग लक्षात आलं, फुलबाज्या! फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो. त्याची प्रत्येक ठिणगी म्हणजे वितळलेला थेंब, तो गोल होऊनच थिजतो. खालच्या ग्रिलवाल्याच्या वेल्डिंगचेही तसेच. तेव्हापासून आम्ही गच्ची दिवाळीआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा झाडतो आणि नंतरचा गाळ वेगळा ठेवतो. सात वर्षांत एकच कण असा मिळाला आहे, ज्याच्या अंगावर समांतर पट्ट्या आहेत, अवकाशातल्या धुळीच्या कणात ऑलिव्हिन या खनिजाच्या असाव्यात तशा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत मी त्याला नाव देणार नाही. काचपट्टीवर चिकटवून वहीत ठेवला आहे, एकशे पंधरावी नोंद म्हणून, पुढची जागा कोरी सोडून.

सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, जिना चढवत नाही. संकष्टी मात्र सुटलेली नाही. त्यांच्या खोलीत जुन्या कालनिर्णयांची चळत आहे. मागच्या महिन्यात ती आवरताना मी पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक संकष्टीच्या चौकटीत, छापलेल्या चंद्रोदयाच्या वेळेशेजारी, पेन्सिलीने दुसरी वेळ लिहिलेली. आमच्या गच्चीवरून चंद्र खरोखर दिसला ती. छापलेली ८.५१, लिहिलेली ९.०४. पूर्वेला अकरा मजली इमारत उभी राहिली त्या वर्षापासून तेराचे एकदम चौतीस-पस्तीस मिनिटं झालेले. आषाढ-श्रावणात 'ढग'. एका ठिकाणी 'ढग. ११ ला जेवले.' अकरा वर्षांच्या नोंदी. मी माझ्या निरीक्षणांच्या वहीत इतकी शिस्त कधी पाळली नाही.

परवा संकष्टी होती. मी वर होते, त्या खाली मोदक वाफवून, पाटावर ताट वाढून बसलेल्या. इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे आधी उजेड आला, मग तांबूस कड. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून हाक दिली, "आई, दिसला!"

खालून आवाज आला, "किती वाजले?"

"नऊ एकोणपन्नास."

पेन्सिल शोधत असाव्यात. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "पन्नास का एकोणपन्नास? नीट सांग."